फॉर्मवर ‘नाही’ लिहायचं का? आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा

मी: नमस्कार सगळ्यांना. आधी चांगली बातमी. टेलिकॉम कंपनीतलं कॉर्पोरेट सेल्सचं काम फायनल झालं, ऑफर लेटर आलं. कंपन्यांना इंटरनेटच्या लीज लाइन विकायच्या. पगार आत्ताच्या दीडपट. पण त्यासोबत बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म आलाय, सोमवारपर्यंत भरून द्यायचाय. त्यात एक प्रश्न असा आहे: ‘तुम्हाला कधी कोणत्याही न्यायालयाने दोषी ठरवले आहे का, किंवा तुमच्याविरुद्ध फौजदारी खटला प्रलंबित आहे का?’ खाली हो आणि नाही असे दोन चौकोन. २०१४ ची विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीची केस तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. काय लिहू?

बाबा: नाही लिही. केस २०१८ लाच सुटली. यात विचारायचं काय?

मोठे काका: अभिनंदन बाळा! बाबांचं बरोबर आहे. आणि आता आयपीसी, म्हणजे जुनी भारतीय दंड संहिताच गेली, नवीन कायदा आला. जुन्या कलमांना कोण विचारतंय.

काकू: पेढे कधी? 🙏

आत्या: अभिनंदन सोन्या. पण भाऊ, अण्णा, जरा थांबा. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली हे खरं, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना आयपीसीच लागू राहतो. जुन्या केसेस काही धुऊन निघालेल्या नाहीत. आणि ‘सुटली’ म्हणजे नक्की काय झालं? निकालाची नक्कल कोणाकडे आहे?

बाबा: वकिलांनी सांगितलं होतं सुटला म्हणून. त्याच दिवशी घरी आलो, नारळ फोडला.

आत्या: भाऊ, मी ३१ वर्षं कोर्टात बेंच क्लार्क होते. बाहेरच्या पायऱ्यांवर सगळेच ‘सुटला’ म्हणतात. पण सुटण्यात फरक असतो. एक म्हणजे निर्दोष मुक्तता. दुसरं, दोघांनी मिटवलं आणि कोर्टानं ते मान्य केलं. तिसरं म्हणजे गुन्हा शाबीत झाला, पण तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे लेखी हमीवर सोडलं. तिन्ही वेळा माणूस घरीच येतो. फॉर्मच्या दृष्टीनं मात्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी: आत्या, नक्कल माझ्याकडे आहे. फोटो टाकतो.

मी: [फोटो]

आत्या: शेवटचं पान वाचलं. आयपीसी कलम ३२४, म्हणजे घातक हत्यारानं दुखापत, त्याखाली दोषी. शिक्षेऐवजी परिविक्षा अधिनियम १९५८, म्हणजे प्रोबेशन कायदा, कलम ४ प्रमाणे पंधरा हजारांच्या बाँडवर एक वर्षासाठी सुटका. जखमीला दहा हजार भरपाई. म्हणजे तिसरा प्रकार.

बाबा: म्हणजे दोषीच?

आत्या: हो भाऊ. दोषी ठरवलं, शिक्षा दिली नाही.

(यानंतर जवळजवळ वीस मिनिटं कोणी काही लिहिलं नाही.)

दादा: ड्राइव्ह करत होतो, आत्ता वाचलं. पहिली गोष्ट, अभिनंदन. दुसरी, व्हेरिफिकेशन पूर्ण होईपर्यंत जुन्या ठिकाणी पेपर टाकू नकोस, म्हणजे राजीनामा देऊ नकोस. तारीख पुढे सरकली तर सरकू दे. मी एचआरमध्ये हेच काम बघतो म्हणून सांगतो. कंपनी हे तपासायचं काम बाहेरच्या एजन्सीला देते. तू संमतीपत्रावर सही करतोस, मग ते मार्कशीट, जुनी नोकरी, पत्ता आणि कोर्टाचं रेकॉर्ड बघतात. कोर्टाच्या नोंदी तुझं नाव, बाबांचं नाव आणि आजवर राहिलास ते सगळे पत्ते लावून शोधतात. रिपोर्ट हिरवा, पिवळा किंवा लाल येतो.

मोठे काका: अरे पण अकरा वर्षं झाली. कोण शोधत बसणार?

वहिनी: काका, मी आत्ताच ई-कोर्ट्सच्या साइटवर बघितलं. जिल्हा निवडला, कोर्ट निवडलं, पक्षकाराचं नाव आणि वर्ष टाकलं. चहा उकळेपर्यंत केस समोर आली. आर.सी.सी. म्हणजे फौजदारी खटल्याचा नंबर, पुढे ‘निकाली’, निकालाची तारीख, सगळं. मला जमलं तर रोज हेच काम करणाऱ्यांना किती वेळ लागेल?

आई: मग आता नोकरी जाणार का?

दादा: काकू, तसं नाही. आमच्याकडे माझ्यासमोर दोन प्रकारची माणसं येतात. एकानं आधी सांगितलेलं असतं, कागद दिलेले असतात, मग रिपोर्टमध्ये तेच येतं. त्यावर मॅनेजर आणि एचआर बसून विचार करतात: गुन्हा काय, कधीचा, तेव्हा वय किती, आणि कामाशी त्याचा काही संबंध आहे का. दुसऱ्यानं ‘नाही’ लिहिलेलं असतं आणि रिपोर्टमध्ये ‘हो’ निघतं. तिथं केस लहान की मोठी हे बघायची वेळच येत नाही. खोटी माहिती दिली तर नोकरी रद्द, ही ओळ ऑफर लेटरमध्येच असते. तुझं लेटर उघड, शेवटून दुसरं-तिसरं कलम बघ.

मी: आहे. ‘माहिती दडवल्यास कोणत्याही वेळी सेवा समाप्त’.

दादा: कोणत्याही वेळी. म्हणजे चार वर्षांनी, टार्गेट पूर्ण करून प्रमोशन मिळाल्यावरसुद्धा. आणि सेल्समध्ये तुला बँका, विमानतळ, सरकारी ऑफिसं अशा ठिकाणी जावं लागेल. मोठे ग्राहक बऱ्याचदा आत येणाऱ्या माणसांचीही पडताळणी मागतात. आज सुटलास तरी तिथे निघेल.

बाबा: म्हणजे माझ्या मुलानं पोटापाण्यासाठी जन्मभर हेच सांगत फिरायचं? त्यानं काय खून केलाय?

आत्या: भाऊ, तुझं दुखणं कळतंय मला. यात त्याच्या बाजूचंही काही आहे, ते ऐक. त्याच प्रोबेशन कायद्यात कलम १२ आहे. कलम ३ किंवा ४ खाली सोडलेल्या माणसाला दोषसिद्धीमुळे कायद्यानं येणारी अपात्रता लागत नाही, फक्त बाँड मोडून पुन्हा शिक्षा झालेली नसावी. म्हणजे ‘हा माणूस कायद्यानंच अपात्र आहे’ असं कोणी म्हणू शकत नाही. मात्र सुप्रीम कोर्टानं १९९० मध्ये बक्षी राम यांच्या प्रकरणात हेही सांगितलं की कलम १२ मुळे दोषसिद्धी पुसली जात नाही, वागणुकीचा विचार मालक करू शकतो. म्हणून ‘दोषी ठरवलं का?’ याचं उत्तर ‘हो’. ‘तुरुंगवास झाला का?’ असं विचारलं असतं तर ‘नाही’ लिहिलं असतं आणि ते खरंच असतं. जे विचारलंय त्याचंच उत्तर द्यायचं. कमी नाही, जास्तही नाही.

मी: एखाद्या कंपनीनं नुसतं ‘खटला प्रलंबित आहे का’ एवढंच विचारलं तर?

आत्या: तर ‘नाही’. कारण काही प्रलंबित नाही. तिथे आपणहून पुराण लावायची गरज नाही.

ताई (लंडन): इथे १९७४ पासून कायदाच आहे, ठराविक काळ उलटला की शिक्षा ‘स्पेंट’ धरतात. मग बहुतेक नोकऱ्यांत ती सांगावी लागत नाही. आपल्याकडे असं काही नाही का आत्या?

आत्या: सगळ्यांसाठी असा कायदा आपल्याकडे नाही गं. अठराच्या आतल्या मुलांसाठी बाल न्याय कायद्यात तरतूद आहे. आपला पोरगा तेव्हा वीस वर्षांचा होता. सरकारी नोकरीबाबत २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. माहिती खरी द्या, पण तरुण वयातला किरकोळ गुन्हा असेल तर मालकानं तारतम्यानं बघावं, असं त्यात आहे. खासगी कंपनीचं सगळं करारावर चालतं, पण तिथेही माणसंच निर्णय घेतात.

मोठे काका: माझं मन वेगळंच सांगतंय. कंपनीत सांगितलं की चार तोंडी जाईल. त्याच्या लग्नाचं बघतोय आपण. स्थळाकडच्यांना आपण ‘निर्दोष सुटला’ असं सांगितलंय.

आई: ते मीच सांगितलं होतं. मला तेच माहीत होतं.

बाबा: मला माहीत होतं. पूर्ण नाही, पण कोर्टात ‘दोषी’ हा शब्द कानावर आला होता. वकिलांना परत विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

मी: बाबा, मलाही माहीत होतं. निकाल मी तेव्हाच वाचला होता. घरात नारळ फुटला, तुम्ही हसलात, चार वर्षांत पहिल्यांदा. मग मी गप्प बसलो.

आजीचा व्हॉइस मेसेज आला, तो वहिनींनी लिहून टाकला: आजी म्हणतायत, ज्याला लागलं त्या पोराचं काय झालं ते सांगा आधी. त्याची भुवई बरी झाली का?

मी: आजी, तो बरा आहे. चार टाके पडले होते. पथकाच्या ध्वजाची काठी माझ्या हातात होती. आधी त्यांच्यापैकी कोणीतरी ढकललं हे खरं, पण ढकलणारा तो नव्हता. तो वळून बघत होता आणि मी मारलं. भरपाईचे दहा हजार मी माझ्या पहिल्या दोन पगारांतून दिले, बाबांकडून घेतले नाहीत. कोर्टाच्या आवारात त्यानं माझ्याशी हात मिळवला. एवढंच.

दादा: आता सांगतो, तू काय लिहिणार आहेस ते आधी इथे टाक.

मी: कच्चं लिहिलंय, मग इंग्रजीत करेन. ‘मी महाविद्यालयात असताना विसर्जन मिरवणुकीत दोन गटांत वाद झाला. मित्रांमुळे मी त्यात ओढला गेलो. पोलिसांनी सरसकट सगळ्यांची नावं घातली. माझी बाजू नीट मांडली गेली नाही…’

आत्या: थांब. हे सगळं काढ. तिथे केस पुन्हा चालवायची नाही. एचआरकडे साक्षीदार नाहीत. आणि ‘मित्रांमुळे’ हा शब्द तर नकोच, तू आत्ताच आजीला खरं सांगितलंस.

दादा: पाच-सहा ओळींत संपव. काय, कधी, कोर्टानं काय केलं, त्यानंतर काय. आणि मॅनेजरला आज फोन कर, फॉर्म नंतर. फॉर्ममधून कळणं वेगळं, तुझ्या तोंडून कळणं वेगळं.

मी: हे मला पटलं. माझ्या आत्ताच्या विक्रीच्या कामातही तेच आहे. बेअरिंगचा माल शुक्रवारी पोचणार नसेल तर मी सोमवारीच फोन करून सांगतो. गिऱ्हाईक चिडतं, पण पुढची ऑर्डर देतं. शुक्रवारी संध्याकाळी कळलं की परत फोन उचलत नाही. दुसरं लिहितो.

मी: ‘सप्टेंबर २०१४ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, विसर्जन मिरवणुकीतल्या मारामारीत माझ्या हातून एकाला दुखापत झाली. २०१८ मध्ये न्यायालयाने मला भादंवि (आयपीसी) कलम ३२४ खाली दोषी ठरवले आणि शिक्षा न देता परिविक्षा अधिनियमाच्या कलम ४ प्रमाणे एक वर्षाच्या बाँडवर सोडले. बाँडची मुदत कोणत्याही तक्रारीशिवाय पूर्ण झाली, भरपाई दिली. त्याआधी किंवा नंतर माझ्यावर कोणताही गुन्हा नाही. गेली सात वर्षे मी विक्रीच्या कामात आहे. निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे.’

आत्या: छान. एकही शब्द वाढवू नकोस. बाँड पूर्ण झाल्याचा कागद आणि भरपाईची पावती जोड. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखलाही काढ, अर्ज ऑनलाइन होतो. त्यात केसचा उल्लेख आला तर येऊ दे, तू सांगितलंय तेच असेल.

मोठे काका: आणि स्थळाचं?

बाबा: अण्णा, त्यांना मी फोन करतो. उद्या सकाळी. माझ्या तोंडून खोटं गेलंय, मीच बदलतो.

मी: मॅनेजरशी बोललो. अकरा मिनिटं. शांतपणे ऐकलं, दोन प्रश्न विचारले: पैशाची किंवा फसवणुकीची काही केस आहे का, आणि बाँड मोडला होता का. दोन्हीला नाही म्हटलं. म्हणाले, कागद मेल कर, मी एचआरशी बोलून बुधवारी सांगतो. बाकी काही बोलले नाहीत.

काकू: होईल रे सगळं नीट.

दादा: बुधवारपर्यंत पेपर टाकू नकोस, परत सांगतो.

आई: पावती सापडली. कपाटात तुझ्या दहावीच्या मार्कलिस्टखाली होती, प्लास्टिकच्या पिशवीत. घडीवर थोडी फाटली आहे, शिक्का नीट दिसतोय. फोटो काढू का?

मी: हो आई. दोन्ही बाजूंचा काढ.