शोधनिबंध आणि मानशीचे दार

प्राध्यापकांचे शोधनिबंध फक्त बढतीसाठी असतात, हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. गुणांकनासाठी पाने भरणारे आहेतच. पण १९८५ मध्ये स्थापन झालेल्या, ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात मिठागरांतल्या क्षारप्रिय सूक्ष्मजीवांवर वर्षानुवर्षे काम झाले आहे. ते काम मला मोलाचे वाटते.

खरी खंत वेगळी आहे. आमचे घर गोव्यातल्या चोडण बेटावर, शेत खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीत. भरतीच्या पाण्याच्या दाबानेच मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेचे, दार बंद होते, ओहोटीला आपोआप उघडते आणि आतले पाणी नदीत जाते. हे बाबांना कुणी शिकवावे लागले नाही. पण बांध फुटून खारे पाणी आत आले, की जमीन पुन्हा गोडी कधी होईल, खारेपणा सोसणारे कोरगुट भात पेरावे की जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने त्याच्यातूनच निवडलेले 'गोवा धान १'सारखे वाण घ्यावे, हे प्रश्न त्यांचेच आहेत. उत्तरे मात्र इंग्रजी नियतकालिकांत, कित्येकदा पैसे भरल्याशिवाय न उघडणाऱ्या पानांवर.

म्हणून विचारावेसे वाटते: प्रत्येक निबंधासोबत मराठी-कोंकणीत दोन पाने सारांश का देऊ नये? आणि ज्यांच्या शेतातून मातीचे नमुने नेले, त्यांच्या हातात तो पावसाआधी पडावा. बाबा आजही विचारतात, "ती माती नेली होती, तिचे काय झाले गे?"