मदत हवी आहे (अर्जंट): गाळ घातला की टर्ब्युलन्स (पाण्याची खळबळ) कमी कसा काय होतो?

घाईत_गडी:
लोकहो, फ्लूममध्ये (प्रयोगशाळेतल्या लांब पन्हाळीत) दोन प्रवाह सोडले, एक मिठाच्या पाण्याचा, एक गाळाचा, सुरुवातीची घनता दोन्हीची सारखीच, तरी गाळवाल्यात तळाजवळची टर्ब्युलंट कायनेटिक एनर्जी (भोवऱ्यांची ऊर्जा) बरीच कमी येतेय. गाईड म्हणतात दाण्यांमुळे ढवळाढवळ वाढायला पाहिजे, परत कर. सेटअप तोच, फक्त मिठाऐवजी गाळ. शुक्रवारी दाखवायचंय. 'गूगल कर' म्हणू नका प्लीज.

तळमळ:
दाणे केवढे? प्रमाण किती? खोली, वेग? नुसतं 'गाळ' म्हटलं तर काय सांगणार.

रेनॉल्ड्सवाला:
एडीव्हीने (ध्वनीने एका बिंदूवरचा वेग मोजणारं यंत्र) मोजलंस ना? मग आकडे फेकून दे. गढूळ पाण्यात तळाशी कोरिलेशन (सिग्नलचा भरवसा) पडतं, नुसता नॉइज येतो, आम्हीही वैतागून अल्ट्रासॉनिक प्रोफायलर घेतला.

तळमळ:
अहो, नॉइज असता तर एनर्जी फुगून जास्त आली असती, त्याची कमी येतेय.

रेनॉल्ड्सवाला:
डीस्पाइकिंग (खोटे उंचवटे कापणं) जास्त केलं तर कमी पण येते. असो.

जुना_खलाशी:
यावरून आठवलं, 1929 साली ग्रँड बँक्सच्या भूकंपानंतर समुद्रतळावरच्या 12 टेलिग्राफ केबल तुटल्या, उताराच्या खालच्या तर एकामागून एक, आणि त्या तुटायच्या वेळांवरून पुढे हीझन आणि युइंग यांनी 1952 मध्ये गढूळ प्रवाहाचा वेग काढला. भन्नाट प्रकरण आहे, जरूर वाचा.

घाईत_गडी:
केबलचं नंतर बघू हो. क्वार्ट्झ, 40 मायक्रॉन, आकारमानाने 1 टक्का, प्रवाह 10 सेंमी जाड, वेग 20 सेंमी/से. हो, एडीव्हीच.

तळमळ:
आता बोलता येईल. बल्क रिचर्डसन (अख्ख्या प्रवाहासाठी घनतेचा फरक विरुद्ध वेगाचा जोर, हे गुणोत्तर) काढ: 1.65 × 9.81 × 0.01 × 0.1 भागिले 0.2 चा वर्ग, म्हणजे साधारण 0.4. मीठ खाली बसत नाही, त्यामुळे तळाजवळ ते मिसळलेलं राहतं, घनतेचा फरक मुख्यतः वरच्या सीमेवर. तुझे दाणे स्टोक्सच्या सूत्राने सेकंदाला 1.4 मिमी खाली बसतात, म्हणून तळाशी दाट, वर विरळ असा थर होतो, आणि भोवऱ्यांना जड पाणी वर उचलताना स्वतःची एनर्जी खर्च करावी लागते. गंमत अशी की प्रवाह ढकलतो पण हाच गाळ आणि भोवऱ्यांना ब्रेक लावतो पण हाच.

के_एप्सिलॉन:
मॉडेलमध्ये बॉयन्सी प्रॉडक्शनची (घनतेच्या थरांचा टर्ब्युलन्सवरचा परिणाम धरणारी) टर्म चालू आहे का? ओपनफोममध्ये (प्रवाहाचं सॉफ्टवेअर) ती राहून गेली की एनर्जी उलट जास्त येते.

घाईत_गडी:
मॉडेल कुठून आलं? फ्लूम आहे, फ्लूम!

रेनॉल्ड्सवाला:
0.4 म्हणजे 0.25 च्या वर, टर्ब्युलन्स मेलाच की.

तळमळ:
0.25 ही ग्रेडियंट रिचर्डसनची (प्रत्येक उंचीवरच्या बदलावरून काढतात तो) मर्यादा आहे, बल्कची त्याच्याशी तुलना करू नका राव. गडी, तळापासून वर दर सेंटीमीटरला सॅम्पल काढ, नुसत्या सरासरीने काही कळत नाही. आणि गाईडचंही अगदीच चूक नाही, गोर आणि क्रो यांनी 1989 मध्ये मांडलंय की दाण्याचा व्यास भोवऱ्याच्या लांबीच्या साधारण एक दशांशाहून मोठा असेल तर टर्ब्युलन्स वाढतो, लहान असेल तर घटतो. 40 मायक्रॉन कुठे आणि तुझे भोवरे कुठे!

के_एप्सिलॉन:
गाळामुळे कारमानचा 0.4 (तळापासून वर वेग कसा वाढतो त्या सूत्रातला स्थिरांक) पण कमी होतो, व्हॅनोनी, 1946.

तळमळ:
त्यावर कोलमनने 1981 मध्ये म्हटलंय की 0.4 तसाच राहतो, लोकांनी लॉग-लॉ (वेगाचं तेच सूत्र) बसवताना वरचा वेकचा भाग (जिथे ते लागू नाही) पण घेतला म्हणून कमी दिसला. इथे नको तो वाद.

ढवळ्या:
टाकीत गाळ खाली बसू नये म्हणून पॅडलवाला मिक्सर लावा, साध्या पंपाचा इंपेलर झिजतो.

घाईत_गडी:
टाकीचं कुणी विचारलं? बरं, गाळात थोडी केओलिन (पांढरी चिकणमाती) पण आहे, रंग नीट दिसावा म्हणून. फरक पडत नसेल ना?

तळमळ:
हे आत्ता सांगतोयस?? केओलिनचे गठ्ठे जमतात, प्रमाण वाढलं तर पाणी घट्ट होतं आणि टर्ब्युलन्स वेगळ्याच कारणाने दबतो. मधल्या टप्प्यात तर तळाजवळ वाढूही शकतो, बास आणि बेस्ट यांचं 2002 चं काम बघ. थोडी म्हणजे किती?

घाईत_गडी:
चमच्याने टाकली, मोजली नाही. केओलिनशिवाय उद्या परत सोडतो.

रेनॉल्ड्सवाला:
तेव्हा तरी प्रोफायलर लाव.

तळमळ:
पाण्याचं तापमान पण लिहून ठेव, बसण्याचा वेग बदलतो त्याने.