आसियानमध्ये जाऊन तिमोर-लेस्तेला नेमकं काय मिळालं?

पाणथळ (धागाकर्ता)

२६ ऑक्टोबर २०२५ ला क्वालालंपूरच्या परिषदेत तिमोर-लेस्ते (पूर्व तिमोर) आसियानचा, म्हणजे आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेचा, अकरावा सदस्य झाला. अर्ज २०११ चा, म्हणजे चौदा वर्षं उंबरठ्यावर.

माझ्या मते त्यांनी केलेली ही सगळ्यात शहाणपणाची गोष्ट. लोकसंख्या साधारण गोव्याएवढी, चलन अमेरिकी डॉलर, सरकारी खर्च बहुतांशी पेट्रोलियम निधीतून, आणि समुद्रातल्या ज्या बायू-उंदान वायूक्षेत्रातून तो निधी भरला ते आटलेलं. एकीकडे इंडोनेशिया, दक्षिणेला समुद्रापलीकडे ऑस्ट्रेलिया. अशा देशानं फौज वाढवून वाढवून किती वाढवायची? १९७५ मध्ये ज्या इंडोनेशियानं घुसून २४ वर्षं ताबा ठेवला, त्याच्याच शेजारी आता बरोबरीच्या खुर्चीत बसायला मिळतंय. आसियानमध्ये निर्णय सहमतीनं होतात, त्यामुळे कागदावर तरी डिलीचा (तिमोर-लेस्तेची राजधानी) नकार जकार्ताच्या नकाराइतकाच जड. शिवाय चीन, जपान, अमेरिका, भारत हे सगळे आसियानच्या परिषदांना येतात. प्रत्येक राजधानीत दूतावास न परवडणाऱ्या देशाला हे फार मोठं आहे.

तिरकस

खुर्ची मिळाली, अभिनंदन. पण १९७५ मध्ये आसियान काय करत होती? इंडोनेशिया १९६७ पासूनचा संस्थापक सदस्य. संयुक्त राष्ट्रांत ठराव आले की बाकीचे बहुतेक त्याच्याच बाजूनं उभे राहायचे. १९९९ चं सार्वमत, ज्यात ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्य निवडलं, ते संयुक्त राष्ट्रांनी घेतलं. त्यानंतरचा हिंसाचार थांबवायला जी फौज उतरली तिचं नेतृत्व ऑस्ट्रेलियाकडे होतं. घर जळत असताना जे अंगणात उभे होते, त्यांच्याच पंगतीला बसायचं याला शहाणपण म्हणायचं?

पाणथळ

त्या फौजेचा उपसेनापती थायलंडचा होता. पुढच्या वर्षी आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा पहिला सेनापती फिलिपिन्सचा. हे का विसरता?

तिरकस

विसरलो नाही. ते थायलंड आणि फिलिपिन्स म्हणून आले, आसियान म्हणून नाही. माझा मुद्दा हाच तर आहे.

मांडवीकाठ

तिरकस यांच्याशी बराचसा सहमत. (आम्हा गोंयकारांना या देशाचं जरा कुतूहल. एकेकाळी तिमोरचा पोर्तुगीज कारभार गोव्याच्या अखत्यारीत होता.) डिलीचा सर्वांत मोठा विजय आठवा: ऑस्ट्रेलियाबरोबरची सागरी सीमा. स्वातंत्र्याच्या जेमतेम दोन महिने आधी, मार्च २००२ मध्ये, ऑस्ट्रेलियानं सागरी सीमांचे वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयांच्या सक्तीच्या कक्षेतून काढून घेतले. २००४ मध्ये तर वाटाघाटी चालू असताना डिलीच्या मंत्रिमंडळाच्या खोल्यांत चोरून ऐकण्याची यंत्रं बसवल्याचं प्रकरण पुढे उघड झालं. तरीही या लोकांनी सागरी कायद्याच्या करारातली सक्तीच्या समेटाची, तोवर कुणीच न वापरलेली वाट शोधली आणि ६ मार्च २०१८ ला न्यूयॉर्कमध्ये सीमा करारावर सही झाली. छोट्या देशाचं हत्यार कायदा. प्रादेशिक संघटनेत मोठा शेजारीच यजमान असतो, तिथे कायदा कोण काढणार?

नोकरीनिमित्त_सिंगापूर

इथे राहतो म्हणून दोन पैसे माझेही. १० मार्च १९६५ ला इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी सिंगापूरच्या मॅकडोनाल्ड हाऊसमध्ये बॉम्ब ठेवला, तीन माणसं गेली. दोनच वर्षांनी दोन्ही देश आसियानमध्ये एकत्र. १९६८ मध्ये इंडोनेशियाचे अध्यक्ष सुहार्तो यांची विनंती डावलून सिंगापूरनं त्या दोघांना फाशी दिलं, जकार्तात सिंगापूरच्या दूतावासावर जमाव चालून गेला, तरी संघटना मोडली नाही. १९७३ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू जकार्ताला गेले आणि त्या दोघांच्या कबरींवर फुलं वाहिली. वर्षानुवर्षं त्याच त्या माणसांना भेटत राहिलं की तडजोडीला जागा उरते. कायदा निकाल देतो, शेजार देत नाही.

डिलीला अडचण वेगळीच येणार. आसियानचं कामकाज इंग्रजीत, डिलीच्या राजभाषा तेतुम आणि पोर्तुगीज. वर्षाला शेकडो बैठका, त्यांना पाठवायला अधिकारी कुठून आणणार? आणि सचिवालयाची वर्गणी सगळ्यांना सारखीच, सिंगापूरला जेवढी तेवढीच लाओसलाही.

तिरकस

सिंगापूरचं उदाहरण अर्धवट दिलंत. ज्या १९६७ मध्ये ते आसियानमध्ये गेले, त्याच वर्षी त्यांनी सक्तीची लष्करी सेवाही आणली. नुसत्या भेटीगाठींवर ते कधीच विसंबले नाहीत.

पाणथळ

मग मी कुठे म्हटलं विसंबा? नाटोसारखं 'एकावर हल्ला म्हणजे सर्वांवर' असलं कलम आसियानमध्ये नाही, हे मान्य. मी म्हणतोय ते इतकंच, की इंडोनेशियानं उद्या ओकुसीच्या (तिमोर-लेस्तेचा इंडोनेशियाच्या भूभागानं वेढलेला तुकडा) सीमेवर कुरापत काढायची म्हटली, तर ती आता एका सदस्याविरुद्ध असेल आणि नऊ शेजाऱ्यांपुढे खुलासा करावा लागेल. १९७५ मध्ये आसियानमध्ये तो कुणापुढे करावा लागला नव्हता. मांडवीकाठ, सीमा करार कायद्यानं झाला हे खरं, पण समुद्रातल्या ग्रेटर सनराइज क्षेत्राचा वायू विकायचा तर गिऱ्हाईक आणि भांडवल लागेलच ना? ते याच शेजारात शोधावं लागेल.

मांडवीकाठ

नऊ शेजाऱ्यांत म्यानमारही धरलात का? ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांच्या लष्करी राजवटीनं डिलीच्या राजनैतिक प्रतिनिधीला हाकलून दिलं, कारण डिलीचे नेते त्यांच्या विरोधकांना भेटत होते. तेव्हा डिली बाहेर होती, मोकळेपणी बोलली. आता सदस्यांच्या अंतर्गत बाबींत नाक न खुपसण्याचा नियम तिलाही लागू. स्वतः परक्या राजवटीखाली भरडल्या गेलेल्या देशानं म्यानमारबद्दल तोंड उघडलं तर तुमचा मुद्दा मान्य करेन.

पाणथळ

चालेल. पुढच्या परिषदेनंतर धागा वर काढा.