बाल्कनीतल्या वायरवर घरटं, हमिंगबर्ड आहे का? आणि हलवलं तर चालेल का?

मुलुंडची_गच्ची:
नमस्कार मंडळी, आमच्या बाल्कनीत दिव्यासाठी सोडलेली एक वायर लोंबतेय तिला अंगठ्याएवढ्या पक्ष्याने पिशवीसारखं घरटं बांधलंय, जळमटं, सुकी पानं, सालपटं सगळं चिकटवून, लांबून बघितलं तर कचराच अडकलाय वाटतं. चोच बारीक, वाकडी, पोट पिवळं, गळा पांढरट. सासूबाई म्हणतात हमिंगबर्ड. पुढच्या आठवड्यात बिल्डिंगचं रंगकाम आमच्या बाजूला येतंय, सोसायटीवाले म्हणतात घरटं काढून कुंडीतल्या झाडाला बांधा. काय करू?

रानवाटा:
ताई हलवू नका प्लीज. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडात, आपला हा शिंजीर म्हणजे सनबर्ड. गळा पांढरट म्हणजे जांभळ्या पाठीच्या शिंजीरची मादी असणार, कारण नुसत्या जांभळ्या शिंजीरच्या मादीचा गळाही पिवळटच असतो. मुंबईत हे दोन कुठेही दिसतात. नरांची गंमत म्हणजे जांभळा शिंजीर वीण संपली की चकाकी टाकून मादीसारखा होतो, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत काळी रेघ राहते, मी दोन वर्षं त्याला तिसरीच जात समजत होते!! जांभळ्या पाठीचा मात्र वर्षभर तसाच. नॅशनल पार्कात गेलात तर लाल छातीचा विगर्स सनबर्ड पण बघा, तो पश्चिम घाटाबाहेर कुठेच नाही.

चेंबूरचा_काका:
मादी घरट्याची जागा धरून येते, घरटं हललं की सोडून देईल, अंडी गेलीच समजा. दोनेक अंडी असतात, उबवायला साधारण दोन आठवडे आणि पिल्लं उडायला अजून तेवढेच, म्हणजे महिन्याचा प्रश्न. रंगवाल्याला सांगा तुमची बाल्कनी शेवटी घ्या. परांचीच्या बांबूवर कावळे बसतात, ती भीती खरी मोठी. हिरवी जाळी लावली तर तिची ये-जा बंद नको व्हायला. आणि कुंड्यांवर औषध मारू नका, पिल्लांना किडे-कोळीच भरवतात, नुसत्या मधावर ती वाढत नाहीत.

मुलुंडची_गच्ची:
थँक्यू दोघांना. सेक्रेटरींशी बोलले, आमची लाईन शेवटी घेणार म्हणाले. वायरचं कनेक्शन पण काढून टाकलं. आत्ता लिहितेय तर ती आत बसलीये, दारातून फक्त चोच दिसतेय.