दारव्ह्याची २०११ ची वॅगन आर: दुरुस्त करावी की विकावी?

प्रेषक: दारव्हेकर

नमस्कार मंडळी,

गावी आईबाबांकडे असलेल्या गाडीबद्दल सल्ला हवा आहे. वॅगन आर, पेट्रोल, ९९८ सीसी, एमएच-२९, नोंदणी नोव्हेंबर २०११, चाललेली ८८,००० किलोमीटर. आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) माझ्या नावावर आहे, पण मी परदेशात असतो. वर्षाला जेमतेम अडीच हजार किलोमीटर चालते: यवतमाळचा दवाखाना, कधी वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेचा, लग्नकार्यं. बाकी दिवस कोठ्याला लागून टिनाखाली उभी असते.

तक्रारी तीन. उन्हात गरम होते, खडबडीत रस्त्यावर समोरून खडखड येते, क्लच जड झाला आहे. मिस्त्रीने दिलेला अंदाज: चार टायर १४,४००, क्लच सेट मजुरीसह ७,०००, समोरच्या सस्पेन्शनचे लोअर आर्म, लिंक रॉड आणि स्ट्रट माउंट ७,६००, एसीचा कंडेन्सर आणि गॅस ८,५००, रेडिएटर ४,५००, बॅटरी ४,०००, डेंटिंग-पेंटिंग १४,०००. एकूण ६०,०००. व्यापारी आहे त्या अवस्थेत ९०,००० म्हणतो. रात्रीअपरात्री दवाखान्यात जावं लागलं तर गाडी भरवशाची हवी, एवढीच गरज आहे.

---

प्रेषक: हिंगणघाटकर

दारव्हेकर भाऊ,

साठ आणि नव्वद हे दोन्ही आकडे थोडा वेळ बाजूला ठेवा. यादीत काय आहे त्यापेक्षा काय नाही ते आधी बघा. ब्रेकचा उल्लेखच नाही. उभ्या राहणाऱ्या गाडीचे ब्रेक सर्वांत आधी जातात. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. मागच्या ड्रममधले व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि गळू लागतात. पावसाळ्यात हँडब्रेक ओढून पंधरा दिवस गाडी ठेवली की लायनर ड्रमला चिकटतात. तेव्हा मागचे दोन्ही ड्रम उघडून पाहायला सांगा. यापुढे गाडी उभी करताना पहिला गिअर टाकायचा आणि चाकाला दगड लावायचे, हँडब्रेक नको.

आता पैसे घालण्याआधीच्या तपासण्या. क्रम बदलू नका, कारण पहिल्या तपासणीत गाडी नापास झाली तर पुढचा खर्च वाचतो.

सर्वांत आधी गंज. गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर चढवून खालून प्रेशरने धुवा आणि पूर्ण वाळू द्या. आपल्याकडची काळी माती चिकट असते. पांदणीतून आलेली गाडी वरून धुतात, खालचे गोळे तसेच राहतात आणि महिनोन्‌महिने पत्र्याशी ओल धरून ठेवतात. दाराखालच्या पट्ट्या, बॉनेटखाली जिथे स्ट्रट (पुढच्या चाकाचा शॉक ॲब्झॉर्बर) वर येऊन बसतो ते घुमट, आणि मागच्या चाकापुढे ट्रेलिंग आर्म (मागच्या ॲक्सलला धरणारा दांडा) बॉडीला जोडलेला असतो ती बैठक, या तिन्ही ठिकाणी मोठ्या स्क्रूड्रायव्हरने जोर देऊन टोचून बघा. वरचा तांबूस थर चालतो. पत्रा दबला किंवा स्क्रूड्रायव्हर आत गेला तर तिथेच थांबा. अंडरकोटिंगचा काळा थर असेल तर खरवडून पाहा, त्याखाली बरंच लपतं.

मग इंजिन. सकाळी थंड असताना सुरू करा. सुरू होताच निळा धूर निघून मिनिटभरात थांबला तर व्हॉल्व्ह सील गेले आहेत, तो खर्च झेपणारा आहे. वेग वाढवताना सतत निळा धूर आला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर लगेच हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) गेलं असं ठरवू नका. थोडंथोडं चालणाऱ्या गाडीत ओल साचूनही ती येते. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधी असेल आणि कूलंट घटत असेल, तर मात्र गॅस्केटच. नंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजा: बॅटरी पूर्ण चार्ज, तिन्ही प्लग काढलेले, इंधन बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. तिन्ही आकडे एकमेकांपासून दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. या इंजिनला टायमिंग चेन आहे, बेल्ट नाही, त्यामुळे «बेल्ट बदलावा लागेल» असं कोणी म्हटलं तर तो माणूस बदला.

गरम होण्यावर थेट रेडिएटर बदलणं मला पटत नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर एकापुढे एक असतात. मधल्या फटीत कापसाची रुई, सोयाबीनचा भुसा आणि धूळ यांचा गालिचा बसतो, समोरून तो दिसतही नाही. दोन्ही सुटे करून इंजिनच्या बाजूने बाहेर असं हलक्या दाबाने पाणी मारा. एसी लावल्यावर पंखा फिरतो का बघा. थर्मोस्टॅट (इंजिन गरम झाल्यावरच कूलंट रेडिएटरकडे सोडणारी झडप) जागेवर आहे का तेही बघा, कारण गाडी तापली की बरेच मिस्त्री तो काढूनच टाकतात. मग हिवाळ्यात इंजिन हवं तेवढं गरम होत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. कूलंटमध्ये बोअरचं पाणी कधीही नको, क्षार आत थर धरतात. खारपाण पट्ट्यातल्या गाड्यांचे रेडिएटर कापून पाहिले की हे लगेच कळतं. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं.

क्लच जड आहे म्हणजे प्लेट गेली असं नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगात ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढा वाढला नाही तर प्लेट घसरते आहे. तसं होत नसेल तर आधी केबल बदला, सात हजार वाचतील.

टायर शेवटी. आधी लोअर आर्मचे बुश आणि लिंक रॉड, मग अलाइनमेंट, मग नवे टायर, नाहीतर नवे टायर एका बाजूने खाल्ले जातात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात. ०८१७ म्हणजे २०१७ चा आठवा आठवडा. गावच्या गाडीचे टायर झिजत नाहीत, म्हातारे होतात, म्हणून नक्षी बघून फसू नका. बॅटरी रात्रभर सोडून सकाळी मोजा: १२.६ व्होल्ट पूर्ण, १२.२ म्हणजे निम्मी. शिवाय अंगणात रोज पाच मिनिटं गाडी सुरू ठेवायची पद्धत बंद करा. त्यात बॅटरी भरत नाही, उलट सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो गंजतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर न्या.

डेंटिंग-पेंटिंगचे चौदा हजार पूर्ण काढून टाका. ते आईबाबांच्याही कामाचे नाहीत आणि व्यापारीही ते भरून देत नाही.

---

प्रेषक: मोर्शीकर काकू

दारव्हेकर,

गाडी तपासून होईपर्यंत कागदांकडे बघ. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, तुझी नोव्हेंबर २०२६ ला संपते. पुढे पाच वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं: फॉर्म २५, मुदतीआधीच्या साठ दिवसांत, आणि गाडी प्रत्यक्ष यवतमाळच्या उपप्रादेशिक परिवहन कार्यालयात तपासणीला न्यावी लागते. शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० वेगळे. वरून पर्यावरण कर. चालू विमा आणि पीयूसी लागेल. १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेटही लागते, चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी. दिल्लीचे जुन्या गाड्यांवरचे दहा-पंधरा वर्षांचे निर्बंध वाचून लोक घाबरतात, ते यवतमाळला लागू नाहीत.

विकायची ठरली तर याहून मोठी गोष्ट सांगते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊ नकोस. व्यापारी म्हणतो «साहेब, गिऱ्हाईक मिळालं की नावावर करतो», आणि गाडी तीन हात फिरते, आरसीवर नाव तुझंच. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच स्पष्ट केलं: अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तो मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. मालकी बदलाचे फॉर्म २९ दोन प्रती आणि फॉर्म ३० घेणाऱ्याच्या नावानिशी पूर्ण भरून मगच सही. राज्यातल्या राज्यात विकली तर विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवायचं असतं. गाडी कर्जावर घेतली असेल तर बँकेचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आत्ताच मागव, आरसीवर बोजा राहून गेलेला असतो आणि ऐन वेळी कळतं.

तू तिकडे आहेस म्हणून बाबांच्या नावे मुखत्यारपत्र कर. त्यात गाडीचा नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर आणि नेमके अधिकार लिही: फॉर्मवर सही, कार्यालयात हजेरी, रक्कम खात्यात घेणं. वकिलातीत साक्षांकित करून पाठव आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घे. तुझं भारतातलं सिमकार्ड चालू ठेव, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येतो.

---

प्रेषक: वरूडकर

काकूंच्या मुद्द्याला जोडून. पेरणीच्या तोंडावर, ज्येष्ठ-आषाढात, आपल्याकडे कोणाच्या हाती पैसा नसतो आणि व्यापारी पाडून मागतात. सोयाबीन-कापसाचे पैसे दसऱ्यानंतर येतात, तेव्हा भाव बरा मिळतो. पण तुमच्या गाडीची नोंदणी तेव्हाच संपत येते, आणि महिनाभरच उरलेली आरसी पाहून घेणारा तोच मुद्दा लावून धरेल. म्हणून विकायची तर आत्ता, नाहीतर नूतनीकरण करून. मधली वाट तोट्याची.

---

प्रेषक: दारव्हेकर

तपासणी झाली. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरचं सारखं. क्लच घसरत नाही. रेडिएटर-कंडेन्सरच्या मधून घमेलंभर भुसा निघाला, आता सुई मध्यावर राहते. डाव्या मागच्या बाजूला मात्र ट्रेलिंग आर्मच्या बैठकीत स्क्रूड्रायव्हर दोन बोटं आत गेला, आणि त्यालाच लागून दाराखालची पट्टीही पोकळ आहे. मिस्त्री म्हणतो प्लेट मारून वेल्डिंग करतो, पाच हजारांत.

---

प्रेषक: हिंगणघाटकर

भाऊ, तसं असेल तर विका. इंजिन चांगलं निघाल्याने वाईट वाटेल, तरीही विका.

मागच्या ॲक्सलला पुढेमागे धरून ठेवायचं काम तो ट्रेलिंग आर्म करतो. ब्रेक लावला की सगळा ताण त्याच बैठकीवर येतो. तिथला मूळ पत्रा कागदासारखा झालेला असताना जाड प्लेट चिकटवली तर वेल्डिंगच्या कडेला पत्रा जळतो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच फाटतो. वेगात असताना ती बैठक सुटली तर मागचं चाक तिरपं होतं आणि गाडी आपोआप वळते. नीट काम म्हणजे गंजलेला सगळा भाग कापून नवा पत्रा बसवणं. ते सत्तर टक्के आयुष्य संपलेल्या गाडीवर करू नये. नोव्हेंबरच्या तपासणीतही हे अडेल.

आजपासून ती गाडी गावाबाहेर काढू नका. तोवर दवाखान्यासाठी गावातल्या दोन भाड्याच्या गाडीवाल्यांचे नंबर आणि १०८ भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा. टायर, बॅटरी, कंडेन्सर, काही घेऊ नका.

व्यापाऱ्याला गंज दाखवा आणि विक्रीच्या कागदावर तो लिहून द्या. ती गाडी उद्या कोणाच्या तरी लेकराबाळांना घेऊन फिरेल. नव्वदचे पन्नास झाले तरी चालतील. सोबत नोंदणीकृत वाहन स्क्रॅप केंद्राचाही भाव विचारा. तिथे गाडी जमा केल्याचं «ठेव प्रमाणपत्र» मिळतं, आरसी रद्द होते आणि नवी खासगी गाडी घेताना करात सवलत मिळते. साध्या भंगारवाल्याला दिली तर आरसी तशीच जिवंत राहते.

---

प्रेषक: मोर्शीकर काकू

गाडी गेली त्याच दिवशी तीन कामं: गाडी दिल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली पावती, घेणाऱ्याच्या सही आणि ओळखपत्रासह. विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र, तो बोनस गाडीचा नसतो, तुझा असतो, आणि तीन वर्षांत दुसऱ्या गाडीला लावता येतो. आणि फास्टॅग बंद करणं, नाहीतर टोल तुझ्या खात्यातून कटत राहील.