मदत हवी आहे: सहा महिन्यांच्या बाळाला पहिलं काय द्यावं?

लेक लवकरच सहा महिन्यांची होईल. आतापर्यंत फक्त अंगावरचं दूध. आधार दिला की बसते, मान पक्की आहे, आमच्या ताटाकडे टक लावून बघते आणि चमचा ओठाला लावला तर पूर्वीसारखा जिभेने बाहेर ढकलत नाही. तेव्हा वरचं खाणं सुरू करायचं हे नक्की. कशाने, हे ठरत नाहीये.

घरच्यांचं म्हणणं, आधी काही आठवडे पातळ पेज आणि फळांचा रस. बाकी सगळं 'जड'. मी वाचलंय ते असं की बाळाचा जन्मापासूनचा लोहाचा साठा साधारण सहा महिने पुरतो आणि अंगावरच्या दुधात लोह फारच कमी असतं. मग डाळ, अंडं लगेच दिलं तर चालेल का? (आम्ही मांस खात नाही.)

शिवाय माझ्या भावाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. लेकीला वर्षभर देऊ नको असंही सांगतात आणि लवकर दे असंही. डॉक्टरांना विचारणारच आहे, पण नेमकं काय विचारू?

प्रतिसाद

पेजेने बिघडत काही नाही, पण सुरुवातीला दोन-तीन चमचेच पोटात जाणार. ते पाण्याने का भरायचे? मऊ शिजवून घोटलेली डाळ, पूर्ण शिजलेलं अंडं पहिल्या आठवड्यातही चालतं. चमचा तिरका केला तरी लगेच ओघळणार नाही, इतपत दाट ठेवा. डाळीतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून सोबत 'क' जीवनसत्त्वाचं काहीतरी द्या, टोमॅटो किंवा संत्र्याचा गर. रस, मीठ, साखर वर्षापर्यंत नको. मध तर चाटवायलाही नको, त्याने बोट्युलिझमचा (जिवाणूच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो.

आणि मिक्सरची सवय लावू नका हो! काट्याने कुस्करलेलं लवकर सुरू करा. गुठळ्या असलेलं खाणं नऊ-दहा महिन्यांच्या पुढे ढकललं तर पुढे मुलं चावायला कुरकुरतात. ओकारीसारखा आवाज करून घास पुढे आणणं वेगळं. आवाजच फुटत नसेल तर घास अडकलाय, तिथे धावा.

प्रतिसाद

शेंगदाण्याबद्दल: टाळण्याचा सल्ला जुना झाला. 2015 मध्ये लीप नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तीव्र एक्झिमा (त्वचा कोरडी, लाल होऊन खाजणारा आजार) किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना 4 ते 11 महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तर पाचव्या वर्षी त्यांच्यात ही ॲलर्जी टाळणाऱ्यांपेक्षा सुमारे 80 टक्क्यांनी कमी दिसली. त्यामुळे मामाच्या ॲलर्जीपेक्षा बाळाच्या त्वचेबद्दल आधी विचारा. तीव्र एक्झिमा असेल तर तपासणी करूनच द्यायचा. एरवी बारीक कूट डाळीत नीट मिसळून, अगदी थोडं, बाळ ठणठणीत असताना, सकाळी, म्हणजे दिवसभर लक्ष ठेवता येतं. अख्खा दाणा पाच वर्षांपर्यंत नाही. अंगावर गांधी उठल्या किंवा ओठ सुजले तर थांबून डॉक्टरांना कळवा. श्वास अडला तर थेट दवाखाना.

मूळ प्रश्नकर्ती

खूप आभार! डाळीने सुरू करते, मग अंडं. पण गालांवर आणि कोपराच्या खाचेत कोरडे लालसर चट्टे येत-जात असतात. आम्ही थंडीमुळे म्हणून सोडून दिलं होतं. हे एक्झिमात धरायचं का?

प्रतिसाद

असू शकतं. चट्टे उठलेले असताना फोटो काढा आणि ते दाखवेपर्यंत शेंगदाणा थांबवा. डाळीसाठी थांबायची गरज नाही.