'फिक्स'ला एकच मराठी क्रियापद मिळेल का?

ओसरी: एका अमेरिकी मालिकेची मराठी सबटायटल्स करतेय. त्यातला बाप उठसूट 'आय विल फिक्स इट' म्हणतो. आधी गळक्या नळाबद्दल, मग मुलीच्या मोडकळीला आलेल्या संसाराबद्दल, शेवटी पोराच्या खटल्यातल्या साक्षीदाराला पैसे चारताना. सगळी गंमत वाक्य तेच असण्यात आहे. मी 'दुरुस्त करतो', 'सावरतो', 'मॅनेज करतो' असं लिहिलं, पण संपादकांना एकच शब्द हवाय. उद्या द्यायचंय.

तिखटमीठ: 'मी बघतो.' प्लंबर, मामा आणि नगरसेवक तिघंही हेच म्हणतात.

अधिकउणे: 'बघतो' ही काम न करण्याची सभ्य तऱ्हा झाली. आणि 'मॅनेज' कशाला? दुरुस्ती, बंदोबस्त असे आपले चांगले शब्द असताना!

गावकूस: दोन्ही फारसीतून आलेत. 'मरम्मत' म्हणाल तर ती अरबी. तुमच्या शुद्ध वाक्यात उरला तो 'करतो'.

अधिकउणे: ते कधीच रुळलेत. पिढ्यान् पिढ्या वापरात आहेत.

तिखटमीठ: मग 'फिक्स'ला किती पिढ्या द्यायच्या, ते एकदा फिक्स करा.

सातासमुद्रा: या शब्दानं इंग्रजही चक्रावले होते. डिकन्स 1842 मध्ये अमेरिका फिरला, त्या प्रवासवर्णनात यावर चांगला परिच्छेद आहे. यजमान कपडे करतोय तर 'फिक्सिंग हिमसेल्फ', बोटीवर न्याहारीची टेबलं मांडतायत तर तेही फिक्स, हमाल सामान फिक्स करणार आणि डॉक्टर आजाऱ्याला! मी इथे न्यू जर्सीत नवा असताना मांजरीला लस द्यायला नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, 'इज शी फिक्स्ड?' म्हटलं, तिला काही झालेलंच नाही. त्या नसबंदीबद्दल विचारत होत्या.

गावकूस: लॅटिन मुळात अर्थ खिळवणं, घट्ट रोवणं एवढाच. दुरुस्ती मागाहून आली. मजा म्हणजे मराठीनं जुना अर्थच उचलला: लग्न फिक्स, पगार फिक्स, फिक्स रेट. 'पंखा फिक्स केला' म्हणजे आपल्याकडे छताला लावला, बिघडलेला सुधारला नव्हे. डार्करूममधला फिक्सरही काही दुरुस्त करत नाही. जॉन हर्शेल या शास्त्रज्ञानं 1819 मध्ये 'हायपो' नावाच्या रसायनात चांदीचे क्षार विरघळतात हे दाखवलं, वीस वर्षांनी तेच फोटो पक्का करायला वापरात आलं. दुरुस्तीवालं 'फिक्स' आपल्याकडे रुळलं ते 'बग फिक्स'बरोबर, असं माझं मत.

अधिकउणे: मॅच फिक्सिंगला वर्तमानपत्रांनी 'सामनानिश्चिती' केलंच की.

तिखटमीठ: 2000 साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार क्रोनिएचं मॅच फिक्सिंगचं प्रकरण निघालं, तेव्हा आमचे आजोबा साधं 'सेटिंग होतं' म्हणाले. 'सामनानिश्चिती' वाचलं की वाटतं वेळापत्रक जाहीर झालंय.

ओसरी: बाप 'सेटिंग करतो' म्हणू शकत नाही हो, मुलीच्या संसाराबद्दल तर नाहीच!

कोपऱ्यातला: 'बसवतो' चालेल? नळ बसवतात, निखळलेलं हाड बसवतात, विस्कटलेली घडीही बसवतात. वडील नळकाम करायचे. आट्यांवर सुतळी गुंडाळायची, वर सफेदा फासायचा आणि पान्यानं शेवटचा अर्धा वेढा देताना दात आवळून 'बसला!' म्हणायचं. आता सगळं पांढऱ्या टेपवर चालतं. ती उलट्या दिशेनं गुंडाळली की नळ लावताना सुटत जाते आणि आठवड्यात ठिबकायला लागतो.

गावकूस: साक्षीदार बसवतो? शिवाय धंदा बसला, घसा बसला, भिंत बसली... सगळीकडे वाटोळंच.

कोपऱ्यातला: ते 'बसणे'. 'बसवणे' वेगळं.

तिखटमीठ: आमच्या तालुक्यातली पतपेढी संचालकांनी पाच वर्षांत बसवली. ठेवीदारांना विचारा फरक.

अधिकउणे: टेप सुलट गुंडाळली तरी सुतळीची सर नाही, हे मात्र खरं. आणि 'डागडुजी' कुणाला कशी आठवली नाही? अस्सल मराठी.

गावकूस: जरदोजीतलं 'दोजी' म्हणजे शिवण, तेच इथे 'डुजी' झालं असणार. पुन्हा फारसीच.

अधिकउणे: 'असणार' हा पुरावा नव्हे! आणि डाग तरी आपला ना? कल्हईवाला फुटक्या भांड्याला देतो तो.

कोपऱ्यातला: त्याला डाक म्हणतात. डाग धुवायचा असतो.

अधिकउणे: आमच्याकडे डागच म्हणतात, सांगलीला.

तिखटमीठ: आमचा सोनारही डाक म्हणतो. जुनी बांगडी मोडायला नेली की त्याच डाकाची घट धरतो.